खालच्या पट्टीतला माणूस

शनिवारी दुपारी तीन वाजता मेहुण्याने कॅसेट लावली, गाणं अर्ध्यावर बंद केलं आणि निकाल दिला.

"भावोजी, तुम्ही यात नाही."

भावोजी म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेले यंत्रचालक. चाळीस वर्षांपूर्वी छापखान्याच्या समूहगानात खर्जातला आवाज आपलाच होता, असं ते लग्न झाल्यापासून सांगत आले होते. कॅसेटवर बाकीचे अकरा जण ऐकू येत होते. मेहुणा तर जरा जास्तच ऐकू येत होता. खर्जाच्या जागी मात्र काही नव्हतं. सगळं गाणं पत्र्याच्या डब्यातून येत होतं.

रविवारी जुन्या कामगारांचा मेळावा होता आणि नावांची यादी मेहुण्याच्या खिशात होती. शनिवारीच पाच वाजता ती छपाईला जाणार होती. यादीचे भाग दोन: 'गायक' आणि 'सहकार्य'. सहकार्यात खुर्च्या उचलणारे.

"तुम्ही मागच्या रांगेत होतात, हे मी नाकारत नाही," मेहुणा म्हणाला. "ओठही हलत होते."

"स्पीकरमध्ये दोष आहे."

"मंगळवारपर्यंत तर तुम्ही याच स्पीकरची आरती ओवाळत होतात."

यंत्रचालकांनी बासचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. नुसती खरखर वाढली. स्पीकर कोपऱ्यात सरकवले, मग भिंतीपासून लांब घेतले, मग जमिनीवर उतरवले. दरवेळी गाण्याचा पहिला तुकडा वाजला आणि दरवेळी मेहुण्याने घड्याळ पाहिलं. यंत्रचालकांची बायको खिडकीशी बसून पडद्याला अस्तर लावत होती. पडदे शिवणं हा तिचा तीस वर्षांचा धंदा.

"मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकून बघा," ती म्हणाली.

"मोबाइलला खर्ज असतो का? तो काय छातीतून बोलतो?"

"तुम्ही तरी कुठे बोलता? मी तर तुमचं नाकातलंच ऐकत आले."

चारला दहा मिनिटं असताना सून कामावरून आली. ती लिफ्ट दुरुस्त करते. हातातली पिशवी खाली न ठेवताच तिने गाणं ऐकलं, दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहिली, मग उजव्या स्पीकरची तार उपटली.

"अगं, आधीच आवाज कमी, त्यात—" यंत्रचालक म्हणाले आणि थांबले.

उरलेल्या एकट्या स्पीकरमधून कोणीतरी जाड, भरदार आवाजात गात होतं.

"दोघांपेक्षा एकाचं जास्त ऐकू येतं?" मेहुण्याने विचारलं.

"घरात तसंच असतं," बायको म्हणाली.

सुनेने दोन्ही स्पीकर फिरवून मागची बाजू पाहिली. "बाबा, डावीकडे लाल तार लाल टोकाला आहे. उजवीकडे लाल तार काळ्या टोकाला. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. बारीक आवाज त्यातून निसटतात. जाडे एकमेकांना खाऊन टाकतात. हे जोडलं कोणी?"

यंत्रचालकांनी छतावरच्या पंख्याकडे पाहिलं. मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं.

"मीच," बायको म्हणाली. सुई थांबली नव्हती. "मंगळवारी तारा सोडवून मागची धूळ काढली. जोडी म्हटली की एक डावा, एक उजवा. एकाचा काठ इकडे, दुसऱ्याचा तिकडे. दोन्ही सारखेच लावले तर गिऱ्हाईक परत पाठवतं. मी नीट उलट लावलं."

"आई, हे पडदे नाहीत."

"मग तसं मागे लिहायला नको का?"

"चाळीस वर्षांची माझी अब्रू तू धुळीबरोबर झटकलीस!" यंत्रचालक म्हणाले.

"ओरडा आता. आता येईल ऐकू."

सुनेने लाल तार लाल टोकात बसवली. साडेचार झाले होते. यंत्रचालकांनी सगळ्यांना बसायला सांगितलं, स्वतः उभे राहिले आणि कॅसेट पहिल्यापासून लावली.

या वेळी खर्ज होता. पहिल्या ओळीपासून होता, सुरात होता, आणि इतका भक्कम की बाकीचे अकरा जण त्याच्यावर टेकून उभे असल्यासारखे वाटले. मेहुण्याने चष्मा काढून पुसला. मग खिशातून यादी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं, 'सहकार्य'मधलं एक नाव खोडून 'गायक'मध्ये लिहायला घेतलं.

शेवटची ओळ आली. दुपारभर कोणी कॅसेट इथपर्यंत जाऊ दिली नव्हती. अकरा आवाज एकदम थांबले, कात्रीने कापल्यासारखे. बारावा थांबला नाही. तो एकटाच, संथपणे, चार मात्रा खर्जात गात राहिला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं.

कॅसेट खट्कन थांबली. सुनेने ओठ घट्ट मिटून पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. बायकोने अस्तरात तोंड खुपसलं.

यंत्रचालक ताठ उभे होते.

"होतो की नाही?"

मेहुण्याने नाव पुरं लिहिलं, टोपण लावलं आणि मान डोलावली.

"होतात, भावोजी. आम्ही थांबल्यावरसुद्धा होतात."