भैरीच्या रानातली पिसं

आष्ट्याच्या अंकितानं पीएचडीची चार वर्षं धनेश पक्ष्याच्या पिसांत घालवली. पाटणच्या डोंगरात भैरीचं रान होतं, देवाच्या नावानं राखलेलं, जेमतेम सात एकर. तिथं धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घ्यायची, आत अंडी उबवायची, पिसं गाळून फटीतून बाहेर टाकायची. खाली पडलेली पिसं रानाकडेला राहणारी भामाबाई वेचून कागदी पाकिटात ठेवायची. पिसाच्या देठातून डीएनए मिळे, पक्ष्याला हात लावावा लागत नसे.

पिसांवरून नातं ओळखायला लागणाऱ्या जनुकीय खुणा या जातीत कुणी शोधलेल्याच नव्हत्या. अंकितानं साठ तपासल्या, अकरा टिकल्या. डोंगरापलीकडच्या रानातल्या पिसांशी ताडून पाहिल्यावर कळलं, की भैरीच्या रानातले सगळे धनेश एकमेकांचे सख्खे नाहीतर चुलत. बाहेरचं रक्त कित्येक पिढ्यांत आलेलं नाही, आणि अशानं वंश खंगत जातो. मधल्या बोडक्या डोंगरावर झाडं लावून रानं जोडा, असं तिनं अहवालात लिहिलं.

भैरीच्या रानातून एका हॉटेलचा रस्ता जायचा होता. परवानगी देणाऱ्या समितीवर तिचेच मार्गदर्शक, राजवर्धन सर होते. समितीनं तिचेच आकडे उचलले: हे पक्षी तसेही टिकणार नाहीत, सबब रान राखण्यात अर्थ नाही. झाडं लावायचं पान जोडलंच नव्हतं. ती सरांकडं गेली, तर ते शांतपणे म्हणाले, "आकडे खोटे आहेत का? मग?"

तिनं हरकत नोंदवली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. फाल्गुनात झाडं पाडली. माद्या अजून ढोलीतच होत्या.

महिन्यानं ती वर गेली आणि भामाबाईला सगळं सांगितलं, स्वतःच्या अहवालाचंही. पडलेल्या खोडातली पिल्लं भामाबाईनंच पुरली होती.

"म्हंजी म्या दिल्याली पिसंच त्यांच्या कामी आली?"

"हो, मावशी."

मग अंकितानं पुढच्या खोऱ्याचं विचारलं. तिथले धनेश धडधाकट निघाले, तर निदान ते रान वाचवता येईल, असं तिचं म्हणणं.

"हायेत तकडं," भामाबाई म्हणाली. "झाडंबी ठावं हायेत मला. पर तुमास्नी न्हाई सांगायची."

अंकितानं आग्रह केला नाही. भामाबाईच्या जागी आपण असतो, तर आपणही सांगितलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. ती उठली आणि नव्या रस्त्यानं खाली उतरली. दुसरी वाट उरली नव्हती.