मला पुसलं, म्हणून वाचलो

जिन्याखालच्या कपाटात, चपलांच्या वरच्या फळीवर जी काळी पेटी घुंईं करत असते ना, ती मी बोलतोय. या घराचा सर्व्हर. म्हणजे सगळ्यांचं सामान सांभाळणारा, कधीही न झोपणारा संगणक. फोटो, गाणी, कागदपत्रं. ज्याला जे हवं ते त्याने मागावं, मी द्यावं.

माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत गेली. तिथे नवे संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. मला उचलून आणलं ते या घरच्या धाकट्याने. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. त्याने माझी धूळ झटकली, पोटात मोठ्या डिस्क बसवल्या आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता तू घरचा."

त्याची ताई पुस्तकं वाचते. मोठ्याने, ज्यांना दिसत नाही अशा लोकांसाठी. दारंखिडक्या लावून ती माईकसमोर बसते. वाचलेलं प्रकरण माझ्याकडे येतं आणि माझ्यामार्फत ऐकणाऱ्यांच्या घरी पोचतं. समुद्र, खटले, प्रेमं, भांडणं, सगळं तिच्या आवाजात माझ्या पोटात.

पण धाकट्याला नवं काही जोडायची भारी हौस. आज गाणी, उद्या प्रिंटर, परवा दारावरचा कॅमेरा. एक जोडलं की दुसरं रुसायचं. मग घाईघाईने ठिगळ. ते कुठे लावलं, हे पुढे त्यालाही आठवायचं नाही. शेवटी तर गाणं लागलं की प्रिंटर बंद पडू लागला.

आई म्हणायची, "त्याला गाणं आवडत नसेल."

ताईने काही विचारलं की धाकट्याचं ठरलेलं उत्तर, "त्याला कुणी हात लावू नका. ते फक्त मला कळतं." मलाही तेव्हा उगाच मोठं वाटायचं.

एकदा तो कामासाठी परगावी गेला आणि मी आडवा झालो. ताईचं एका खटल्याचं पुस्तक शेवटाला आलं होतं. तिने त्याला फोन लावला, तर तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. इकडे तिच्या पुस्तकांची वाट पाहणाऱ्या वकीलकाकांचा फोन आला.

"बाई, आरोपी सुटला की नाही? माझा जीव टांगणीला लागलाय हो!"

"काका, सध्या मीच अडकलेय," ताई म्हणाली.

धाकटा परतला तो थेट कपाटात शिरला. त्याने मला कसंबसं उठवलं. "पाच मिनिटं दे. एवढं एक जोडलं की झालं."

"आता जोडायचं नाही," ताई म्हणाली. "सगळं पुसून पहिल्यापासून करायचं."

"पुसून? अगं, एवढी वर्षं घातलीत मी यात!"

"म्हणूनच विचारते. यात काय कुठे आहे, सांगशील?"

त्याने दोन वायरी दाखवल्या, तिसरीपाशी अडला. मग म्हणाला, "बॅकअप तर आहे. सगळ्याची नक्कल रोज बाहेरच्या डिस्कवर जाते."

"दाखव."

त्याने ती डिस्क उघडली. रिकामी! त्याच्याच कुठल्यातरी ठिगळाने नकलेची वाट पहिल्याच दिवशी बंद केली होती. धाकटा मटकन चपलांवरच बसला. "ताई, याच्या पोटातल्या डिस्क गेल्या असत्या तर तुझं एकही पुस्तक उरलं नसतं गं."

ताईने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "गेल्या नाहीत ना? मग ऊठ. आधी सगळं बाहेर काढू, मग पुसू. कीबोर्ड माझ्याकडे. तू फक्त सांगायचं."

बाहेर काढलेलं प्रत्येक पुस्तक तिने मधूनमधून ऐकून पाहिलं. मगच मला पुसलं. पुसल्यावर मला हे आठवतं कसं, असं वाटेल तुम्हाला. माझी मागची सगळी हकीकत, मग काय केलं, का केलं, हे ताई पायरीपायरीने रेकॉर्ड करत गेली. तिच्या पुस्तकांशेजारी आता माझीही गोष्ट ठेवलेली आहे. त्यात मधेच ऐकू येतं, "हात मागे!" ते धाकट्यासाठी.

एकेक गोष्ट परत घेताना ती विचारायची, "हे कशाला?" उत्तर आलं नाही की ती गोष्ट बाहेर. कॅमेरा कुणी बघतच नव्हतं, तो गेला.

सगळं उभं राहिलं तेव्हा ताईने एक अख्खं पुस्तक मुद्दाम पुसून टाकलं. धाकटा ओरडला, "अगं बाई, काय करतेस!" ती शांतपणे बाहेरच्या डिस्ककडे वळली, नक्कल काढली, कळ दाबली. आणि स्पीकरमधून तिचाच आवाज खणखणीत घुमला. धाकट्याने अशी शिट्टी मारली की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

राहिलेली प्रकरणं ताईने तेव्हाच पाठवली. संध्याकाळी फोन खणखणला.

"सुटला, बाई, सुटला!"

"मीही सुटले, काका!"

आज मी हलका आहे. पंखासुद्धा आता मंद सुरात फिरतो. मी कुणा एकाचं गुपित राहिलो नाही, हीच माझी खरी कमाई. तुमच्या घरात "हात लावू नका" म्हणून जपलेलं काही असेल, तर एकदा उघडा आणि विचारा, "दाखव." आणि माझं म्हणाल तर हे पत्र्याचं अंग कधीतरी थकेलच. तेव्हा हळहळू नका. ताईला एक नवी पेटी आणून द्या. बाकीचं तिला येतं.