टोकदार नट

बाल्देमारच्या दुकानात येणाऱ्या पोरांना गाडीच्या चाकाचा नट म्हणजे दागिना वाटायचा. यायचे चाकांसाठी, आणि अर्धा दिवस काढायचे नटांच्या भिंतीपुढे. लाल, सोनेरी, काळे, भाल्याच्या टोकासारखे लांब, एकेक हातात घेऊन बघायचे. बाल्देमार त्यांना हसत नसे, त्यांच्या हौसेवरच त्याचं पोट होतं. एका गोष्टीत मात्र तो कुणाचं ऐकायचा नाही. "रंग तुझा, लांबी तुझी," तो म्हणायचा, "बैठक माझी."

ओदालिस आपली जुनी शेव्ही पिकअप घेऊन आली, तेव्हा तिलाही त्याने तेच ऐकवलं. ही पोरगी त्याची धर्मकन्या. तिचा बाप ओमेरो आणि बाल्देमार रिओ ग्रांदे नदीकाठच्या संत्र्यांच्या बागांत एकाच शिडीवर चढून तोडणी केलेले. ओदालिसच्या बाप्तिस्म्याला बाल्देमार धर्मबाप, तिचा पाद्रिनो, म्हणून उभा राहिला, आणि तेव्हापासून दोघे मित्र एकमेकांना नावाने हाक मारायचं विसरूनच गेले. हा त्याला कोंपाद्रे म्हणे, तो ह्याला, म्हणजे पोरीच्या नात्याने जोडलेला भाऊ.

"पाद्रिनो, मला ते हवेत." ओदालिसचं बोट सगळ्यांत लांब, काळ्या टोकांवर होतं.

"ते? ते लावून चर्चला गेलीस तर पाद्र्याचा झगा फाडशील."

"माझ्या कामावरच्या ओसिएलच्या गाडीला आहेत."

"ओसिएलच्या डोक्यातही तेच आहेत. इकडे ये." त्याने तिचं नवं चाक आडवं केलं आणि तिचं बोट धरून बोल्टाच्या भोकात घातलं. "फिरव. कसं लागतंय?"

"उतरतं. नरसाळ्यासारखं."

"मग नटाचं तोंडही तसंच उतरतं पाहिजे, तरच तो चाकात नीट बसतो. हीच बैठक. आता हा बघ, तुझा लाडका. तोंड कसं? गोल, चेंडूसारखं. आट्यांवर चढेल, घट्टही होईल, तुला वाटेल झालं काम. पण आत नुसती एक कड टेकलेली असते. गाडी धावली की रोज थोडा, रोज थोडा सैल होत जातो."

"उतरत्या तोंडाचे टोकदार नाहीत?"

"आहेत. हलक्या धातूचे. चार वेळा काढले-घातले की आटे गेले. ते मी परक्याला देईन, तुला नाही."

ओदालिसने गाल फुगवले. शेवटी साधे, बंद डोक्याचे काळे नट घेतले. बाल्देमारने जोर दाखवणाऱ्या पान्याने एकेक स्वतः आवळला. आठवड्याने पुन्हा आवळायला ये, असं बजावून सांगितलं. ती आली नाही. त्याने ओमेरोला फोन केला, तर तो म्हणाला, "पोरगी कामावर असते रे कोंपाद्रे. मी केलेत घट्ट. तू झोप निवांत."

मार्चमध्ये कालव्याकाठच्या रस्त्यावर तिच्या गाडीचं पुढचं डावं चाक निघालं. गाडी भरावावरून खाली गेली आणि पाण्याच्या अलीकडे झाडाला अडकली. ओदालिसचा हात दोन ठिकाणी मोडला. बाल्देमार हातावरचं काळं ग्रीसही न पुसता दवाखान्यात धावला. ओदालिस डोळे मिटून पडली होती. तिची आई मिनर्व्हा उशाशी होती, भोवती मावश्या, शेजारणी. ओमेरो भिंतीला टेकून उभा होता. बाल्देमारला बघून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "कोंपाद्रे, तू म्हणाला होतास ना, माझे नट कधी निघायचे नाहीत म्हणून?"

मिनर्व्हाने मान वर केली आणि बाल्देमारकडे असं बघितलं की त्याला खोलीत पाऊल टाकता आलं नाही.

पुढचे काही दिवस तो स्वतःचेच हात बघत बसला. कुठे चुकलो? एखादा आवळायचा राहिला का? बायको नेल्दा म्हणाली, "तू आणि विसरशील? निजेतसुद्धा पाना फिरवतोस." पण त्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. अखेर मोडक्या गाड्या ठेवतात त्या आवारात तो गेला, आपली चूक डोळ्यांनी बघायला.

शेव्ही कोपऱ्यात तिरकी उभी होती. तीन चाकं जागेवर होती, आणि तिन्ही चाकांवर लांबलचक काळी टोकं. त्याने पाना लावून एक नट काढला. गोल तोंड. तो मातीतच खाली बसला. आधी सुटल्यासारखं वाटलं, चूक आपली नव्हती म्हणून. मग फोनवरचं ओमेरोचं ते "मी केलेत घट्ट" कानात आलं, आणि नट मुठीत घेऊन तो उठला.

ओमेरो अंगणात बकऱ्यांना पाणी पाजत होता. बाल्देमारने नट त्याच्यासमोर धरला. ओमेरोने नळ बंद केला नाही.

"रविवारच्या जुन्या बाजारातून आणले," तो म्हणाला. "वाढदिवस होता पोरीचा."

"आणि दवाखान्यात माझं नाव?"

"तोंडातून निघून गेलं. मिनर्व्हा माझ्याकडे बघत होती रे. तू काय, दुकानदार माणूस, लोक दोन दिवस बोलतील नि विसरतील. मला ह्याच घरात राहायचंय."

"ओदालिसला काय सांगितलंस?"

"तिला वाटतं, तूच दिलेस. पाद्रिनोचं मन बदललं, तुझ्या वाढदिवसाला धाडलेत, असं सांगून लावले मी." मग त्याने बाल्देमारचा दंड धरला. "कोंपाद्रे, तिला कळलं तर ती माझं तोंड बघायची नाही. तुझ्यावर रागावेल नि माफही करेल. बापाला नाही करणार."

बाल्देमारने हात सोडवून घेतला आणि निघून आला.

नेल्दाशिवाय त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. बाल्देमारने बांधलेलं चाक निघालं, अशी गावात बातमी फिरली. नटांच्या भिंतीपुढची पोरं दिसेनाशी झाली. ज्यांच्या ट्रकची चाकं त्याने वर्षानुवर्षं बांधली होती, ते मान फिरवून पुढच्या गावी जाऊ लागले. नेल्दा धुमसत होती. "तो तिकडे रविवारी मांस भाजतोय, गाणी लावतोय, आणि तू इथे माशा मार! बोल ना एकदा!"

"पोरीला बाप एकच आहे," बाल्देमार म्हणाला.

हात प्लास्टरमध्ये घालून ओदालिस दुकानात आली, ती गोड पावांची पिशवी घेऊन. बाल्देमारला भरून आलं. माफ करायलाच आली पोरगी, त्याला वाटलं. त्याने खुर्ची पुसून दिली.

"डॉक्टर म्हणतो, हातात स्क्रू घातलेत," ती म्हणाली. "तुमच्याकडून आवळून घ्यायला हवे होते."

तो हसला. तीही हसली, आणि हसता हसताच म्हणाली, "मी पप्पांना म्हणाले होते, पाद्रिनोला एकदा दाखवू या. ते म्हणाले, तो नाहीच म्हणणार."

बाल्देमारचा चेहरा बघून ती थांबली.

"काय दाखवू या?" त्याने विचारलं.

ती पिशवीचं तोंड चुरगळू लागली.

"तुला माहीत होतं, ते माझे नव्हते?"

"मीच निवडले होते, पाद्रिनो. बाजारात. पप्पा बदलत होते तेव्हा एकेक त्यांच्या हातात मीच देत होते."

"दवाखान्यात जागी होतीस?"

तिने मानेनेच हो म्हटलं. "आई रडत होती. पप्पांनी तुमचं नाव घेतलं आणि मी डोळे मिटून घेतले. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. तुम्हीच काही बोलला नाहीत, तर मला वाटलं... तुम्हाला चालतंय."

ओमेरोने त्याचं नाव विकलं होतं, ते त्याने एकदाचं गिळलं होतं. पण गिळलं होतं ह्याच पोरीसाठी. तिचं अजाणपण राखायला म्हणून तो गावाच्या नजरा झेलत होता, आणि ते तिच्याजवळ कधी नव्हतंच. त्याला ओरडावंसं वाटलं. तो काचेशी गेला.

"कुणी आणून सोडलं तुला?"

"आईने. बाहेर गाडीत बसलीय. तुमचं तोंड बघणार नाही म्हणते."

"जा. तिला सांग."

"आत्ता?"

"आत्ता. आणि हे पाव घेऊन जा."

काचेतून त्याला दिसलं, ओदालिस गाडीत बसली आणि बराच वेळ खाली मान घालून बोलत राहिली. मिनर्व्हाचे हात स्टीअरिंगवरून मांडीवर पडले. तिने एकदा दुकानाकडे बघितलं. उतरली नाही. गाडी निघून गेली.

पण मिनर्व्हा सरळ बाई होती. रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायरीवर उभी राहून तिने नवऱ्यादेखत सगळं सांगितलं, काही न झाकता. हळूहळू गिऱ्हाइकं परतली. पोरंही भिंतीपुढे पुन्हा उभी राहू लागली. ओदालिसने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा नेल्दाने घेतला, आणि बाल्देमारने पंपाच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी तो मांसाच्या दुकानापुढे रांगेत उभा होता. मागे कुणीतरी खाकरलं. ओमेरो होता, टोपी हातात घेतलेला.

"कोंपाद्रे," तो पुटपुटला, "किती दिवस हे?"

रांगेतल्या दोघा-चौघांनी माना वळवल्या. बाल्देमारने त्याच्याकडे नीट बघितलं. शिडीवर खालून टोपली वर देणारा तोच चेहरा होता, फक्त सुजलेला आणि म्हातारा. कीव येईल असं त्याला वाटलं होतं. आली नाही.

"तुम्ही पुढे व्हा," तो बाजूला सरकत म्हणाला. "मला घाई नाही."

ओमेरोने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग तो पुढे झाला, आणि आपली पाळी येईपर्यंत दोघे गावातल्या कुठल्याही दोन माणसांसारखे एकामागे एक उभे राहिले.