जिन्यातलं दहावं गाणं

सतराव्या वर्षी ठकीच्या आठवणी निघाल्या. म्हणजे कंपनीने तिचा 'ग्रेटेस्ट हिट्स' अल्बम काढायचं ठरवलं. जाहिरातीत 'एका युगाचा सुरेल प्रवास' असं छापलं होतं. युग तीन वर्षांचं होतं, आणि त्यातलं एक वर्ष दातांना तारा असल्यामुळे तिचे सगळे फोटो तोंड मिटून काढलेले होते.

पोस्टरवर तिचं नाव वेगळं होतं, महागड्या साबणाला शोभेल असं. घरात मात्र ती ठकीच.

अल्बमला दहा गाणी हवी होती आणि नऊ ठरली होती. नऊही कंपनीच्या कवींची. कवी चोपन्न वर्षांचे, शुगरच्या गोळ्या घेणारे, सज्जन गृहस्थ. सकाळी नातवाला शाळेत सोडून आले, की ते पहिल्या प्रेमाची हुरहूर लिहायला बसत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती संपवत.

दहावं गाणं ठकीला स्वतःचं हवं होतं. 'जिना' तिने एकटीने लिहिलं होतं, चालही तिचीच. दीड वर्षापूर्वी ते आलं आणि कुणाला पत्ता लागायच्या आत गेलं.

कंपनीच्या साहेबांनी तिला समोर बसवून करार दाखवला. हिट म्हणजे रेडिओच्या साप्ताहिक यादीत पहिल्या विसांत आलेलं गाणं. खाली ठकीच्या बाबांची सही होती. बाबांचं चष्म्यांचं दुकान. बारीक अक्षर वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण सही करताना त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"बाळ," साहेब म्हणाले, "आठवणींच्या अल्बममध्ये कुणालाच न आठवणारं गाणं कसं घालायचं?"

कव्हर तीन आठवड्यांनी छापायला जाणार होतं. तोवर 'जिना' यादीत आलं तर ठीक, नाहीतर कवींचं 'हृदयाची रिंगटोन' तयारच होतं. तेही यादीत आलं नव्हतं, पण ते येईल असं कवींना वाटत होतं, आणि करारात कवींसाठी वेगळं कलम होतं.

घरी ठकी जेवायला बसली ती ताटाकडे बघत. आईने सांगितलं, 'जिना' तर फारच गोड गाणं आहे. बाबांनीही मान डोलावली. 'जिना' घरात सगळ्यांनाच आवडलं होतं. शेवटचं कडवं कसं वाटलं, असं विचारलं की मात्र ज्याला त्याला काहीतरी काम आठवे.

खरं बोलली ती एकटी आत्या. बाबांची ही थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची आणि पाणीपुरवठा खात्यात तक्रारींचा फोन सांभाळायची. "सुरुवात ऐकली गं मी," ती म्हणाली. "तेवढ्यात फोन वाजला." सव्वीस वर्षांत आत्याने कुठलीच गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नव्हती. खात्यात ती यावरच टिकली होती.

मग तिने विचारलं, "गाणं लोकांच्या कानावर पडलं, की झालं ना?"

आत्याच्या खात्यात फोन केला की आधी 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकू यायचं आणि मग एक पियानो वाजायचा. यंत्र बसवलं त्या दिवसापासून तोच पियानो. गावातली लहान मुलं आंघोळीच्या बादलीत पाणी पडताना तो गुणगुणायची. तो बदलायला मंजुरी हवी होती, मंजुरीला समिती हवी होती, आणि समितीतले दोघे निवृत्त झाले होते आणि एक वारले होते. आत्याने सोपी वाट काढली. तिने पियानोविरुद्ध तक्रार केली. ती स्वतःच नोंदवून घेतली, तिला क्रमांक दिला, आणि दुपारच्या चहापर्यंत तिचं निवारण केलं. खात्याच्या इतिहासात त्याच दिवशी मिटलेली ही एकमेव तक्रार.

यंत्रात जागा फक्त चाळीस सेकंदांची होती. सोमवारपासून तक्रारदारांच्या कानात ठकी गाऊ लागली:

किल्ली तुझ्याकडे, दार माझ्याकडे,
पावलं मोजत बसलेय मी.
पहिला मजला, दुसरा मजला, तिसऱ्यावरती...

एवढ्यात चाळीस सेकंद भरायचे आणि किल्ली पुन्हा तुझ्याकडे जायची.

पहिला आठवडा कोरडा गेला. म्हणजे पाणी नीट येत होतं, त्यामुळे फोन कुणी करेना. आत्या अस्वस्थ. इतक्या सुरळीत पाणीपुरवठ्याची तिला सवय नव्हती. ठकीने घरी 'हृदयाची रिंगटोन' घोटायला घेतलं. तिचा चेहरा इतका उतरला होता की बाबांनी तिचे डोळे तपासले.

दुसऱ्या मंगळवारी रस्ता खोदणाऱ्यांनी मोठी जलवाहिनी फोडली. चार वस्त्यांचे नळ कोरडे पडले आणि अख्खं गाव फोन धरून बसलं. प्रत्येकाने सरासरी पंचवीस मिनिटं ठकीने मोजलेली पावलं तिसऱ्या मजल्यावर अडकलेली ऐकली. आधी लोक वैतागले. मग बादल्या घेऊन टँकरपुढे उभे असताना वाद घालू लागले. कोण येतंय? बहुमत प्रियकराच्या बाजूने होतं. एका निवृत्त न्यायाधीशांचं मत घरमालक असं पडलं. आत्याने फोन उचलला की लोक पाण्याचं नंतर, आधी ते विचारायचे. "नोंद करून घेते," आत्या म्हणायची. तिलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारपर्यंत रेडिओवर फर्माइशींचा ढीग पडला: जिन्यातलं गाणं पूर्ण ऐकवा. शनिवारी दुपारी निवेदिकेने ते ऐकवायचं जाहीर केलं. तेव्हा आत्या ड्यूटीवर होती. गाणं सुरू झालं आणि तिच्यासमोरचे सगळे फोन गप्प झाले. सव्वीस वर्षांत प्रथमच कुणाची काही तक्रार नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर पावलं थांबली. दम लागला होता त्यांना. मग ती चौथ्यावर आली. एक भाजीची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज, पर्समध्ये किल्ल्यांची शोधाशोध, आधी ऑफिसची किल्ली, मग कपाटाची. आणि मग कुणीतरी म्हणतं, आज फार वेळ बसलीस का गं? आणि जिन्यातली मुलगी म्हणते, छे, आत्ताच आले. शाळेतून येऊन दोन तास झालेले असतात.

आत्याने रेडिओ बंद केला. फोन पुन्हा वाजू लागले. तिसऱ्या फोनपर्यंत तिने एकही उचलला नाही.

पुढच्या यादीत 'जिना' एकोणिसावं आलं. साहेबांनी ठकीला बोलावून घेतलं आणि या गाण्यावर आपला पहिल्यापासून विश्वास होता, असं तिला समजावून सांगितलं. अल्बमचं ते दहावं गाणं झालं, पूर्ण साडेतीन मिनिटांचं. कवींनी मोकळ्या मनाने अभिनंदन केलं. गाण्यात प्रियकर नाही ही कल्पना त्यांना फार धाडसी वाटली. खात्यात त्या आठवड्यात 'गाणं अर्धवट तुटतं' अशा अकराशे तक्रारी आल्या. खात्याने युद्धपातळीवर नवं यंत्र बसवून त्या दूर केल्या. चौथ्या वस्तीचं पाणी त्यानंतर चार दिवसांनी आलं.

अल्बम निघाला त्या संध्याकाळी आत्या कामावरून परतली. ठकीकडे दोन वर्षांपासून स्वतःची किल्ली होती. तरी ती अल्बमची पहिली प्रत मांडीवर घेऊन चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसली होती. आत्या तिसऱ्यावर थांबली, सवयीने.

"मी दम खाते ते सगळ्या गावाला सांगायची काही गरज होती का?" तिने खालूनच विचारलं.

"चालीत बसत होतं."

आत्या वर आली. पिशवी खाली ठेवून पर्स उपसू लागली. पहिली किल्ली ऑफिसची निघाली.

"दोन तास बसायचीस?"

"छे," ठकी म्हणाली. "आत्ताच यायचे."

आत्याने दुसरी किल्ली लावून पाहिली. ती कपाटाची होती. ठकीने तिला घाई केली नाही.