बूट घालून झोपणारी

गल्लीत आईला सगळे तयारबाई म्हणायचे. तिच्या तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. प्रभू परत येणार आहे आणि केव्हा ते कोणालाच सांगता येत नाही, एवढं आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळेच मानतात. रविवारी मानतात आणि सोमवारी कामाला लागतात. आईने मात्र ते फारच मनावर घेतलं. बाबा गेल्यापासून ती बूट घालूनच झोपायला लागली. काळे, नाडीचे, जाड तळाचे. ऐन वेळी नाड्या बांधत बसायला नको, म्हणायची.

मी शिवणकारखान्यात शर्टांना कॉलर बसवते. संध्याकाळी घरी यावं तर आई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेली. पाऊल वाजलं की तिचा चेहरा उजळायचा, आणि दारात मी दिसले की पुन्हा होता तसा व्हायचा. "तू होय," म्हणायची. हे रोज ऐकून घेणाऱ्या मुलीने देवावर रागवू नये तर काय करावं?

बुटांचे तळ पार झिजले होते. मी म्हणाले, "दुरुस्तीला टाकते, उद्या मिळतील."

"आणि आजच आला तर?"

"तर जा अनवाणी. त्याला काय बुटांचं दुकान काढायचंय?"

आईने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. विषय संपला.

मग खोलीत वास यायला लागला. उंदीर मेला असेल, आई म्हणाली. मी कपाट सरकवलं, खाट उचलली, फरशी फिनाइलने पुसली. उंदीर काही सापडला नाही. शेवटी नाड्या सोडायला वाकले तेव्हा कळलं, वास तिच्या उजव्या बुटाला होता. मोजा सोलूनच काढावा लागला. टाचेतला खिळा वर आला होता आणि साखरेच्या आजाराने पाय असा बधिर झालेला, की तिला काही जाणवलंच नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "गुडघ्याखालून काढावा लागेल. नाहीतर विष रक्तात जाईल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही."

"पाय घ्या," आई म्हणाली. "पण मला झोपवायचं नाही."

"आजी, भूल दिल्याशिवाय कसं?"

"त्याने मला जागं बघायला हवं. इतकी वर्षं जागले आणि नेमकी त्या वेळी मी बेशुद्ध?"

आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी समजावून पाहिलं. "तो झोपलेल्यांनाही उठवेल, आई."

"तुमचं तुम्ही बघा, पाळकसाहेब."

तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. "इतक्या वर्षांत तो आला नाही," मी म्हणाले. "मी येते. रोज येते. तू मेलीस तर मी कोणाकडे येऊ?"

वॉर्डातली माणसं माना वळवून बघायला लागली. आई पांघरुणाच्या कडेकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "कंबरेखालचंच बधिर करू. तुम्ही पूर्ण जाग्या राहाल. चालेल?"

"मग आत्ताच करा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "कापताना आवाज आला गं. सुताराकडे येतो तसा. मी मान वळवून दाराकडे बघत होते. म्हटलं, आता यायला काय हरकत आहे?"

"मग?"

"दार उघडलं. नर्स होती, कापूस घेऊन आली."

आणि ती रडली. बाबांच्या वेळीही रडली नव्हती. तिचं एकदा तरी खोटं पडावं असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. आता ती खोटी पडली, तर मलाच ते बघवेना. मी तिचा हात धरून बसले.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने बूट मागितले. उजवा मी फेकून दिला होता. डाव्याला नवा तळ लावून घेतला होता. तिचा उरलेला पाय मी धुतला, दिव्याखाली धरून बोटांच्या बेचक्यांतून पाहिलं, बुटात हात घालून आतून चाचपलं. मग नाड्या बांधल्या. आता हे रोजचंच झालंय.

"एका पायाने कशी जाशील गं?" मी विचारलं.

"तू आहेस ना उचलायला." मग म्हणाली, "पण तू कूस बदलून डोळे चोळून बूट शोधेपर्यंत तो निघूनही जाईल."

मी त्या येण्याची वाट बघत नाही. पाळकसाहेबांनाही तसं स्पष्ट सांगितलंय. पण आता माझी खाट आईच्या खाटेला लावून ठेवलीय, आणि झोपताना मी कारखान्यातले बूट काढत नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, पाय गार पडतात.