काट्याचं वजन

आमच्या आत्याच्या भंगाराच्या दुकानात एकच नियम होता: माल कुठून आणला, हे विचारायचं नाही. "विचारलं की माणूस खोटं बोलतो," ती म्हणायची, "आणि दुसऱ्याला खोटं बोलायला लावणं मला पटत नाही." इतक्या सज्जनपणे चोरीचा माल घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

गेल्या आठवड्यात समोरचा शिंपी आला. त्याच्या जिन्याचा हिरवा लोखंडी कठडा कुणीतरी कापून नेला होता. त्याची आई कठडा धरल्याशिवाय एक पायरी उतरत नाही, त्यामुळे ती वरच अडकली होती आणि तिथून दिवसभर त्याच्या शिलाईतल्या चुका काढत होती.

"तुमच्याकडे तर नाही ना आला?" तो काकुळतीनं म्हणाला.

"आम्ही कुणाची चौकशी करत नाही," आत्या म्हणाली आणि ढिगावर ताडपत्री ओढली. "ऊन लागतं मालाला."

मंगळवारी दुकान उघडलं, तर वजनकाटा गायब. त्याच्या जागी जमिनीवर उरलेल्या चौकोनी डागाशेजारी आत्या अशी सुतकात बसली, की तिला भेटायला येणारे चपला बाहेर काढू लागले.

दुपारी नेहमीचा हातगाडीवाला आला. "काकू, जड माल आणलाय." त्यानं गोणपाट बाजूला केलं. खाली काटा. शून्यापाशी आत्याच्या लाल नेलपॉलिशची खूणसुद्धा जागच्या जागी.

"ठेव काट्यावर," आत्या सवयीनं म्हणाली.

मग तिघंही विचारात पडलो.

"उलटा करून स्वतःवरच ठेवूया का?" मी सुचवलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सूचना मागे घेतली.

तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शेवटी शब्द बाहेर पडले. "हा... आणलास कुठून?"

हातगाडीवाल्याचा चेहरा पडला. "काकू, तुम्हीसुद्धा? पलीकडचा भंगारवाला भाव जास्त देतो, पण ओळखपत्र मागतो, फोटो काढतो. तुम्ही विचारत नाही म्हणून तर इतक्या लांब गाडी ढकलत येतो."

"अरे मेल्या, माझा काटा आहे तो!"

"असेल की. मी कुठं विचारलं?"

आत्यानं काट्यावर हात ठेवला.

"तो हिरवा कठडाही मीच आणला होता," हातगाडीवाला दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "तेव्हा नाही बोललात काही."

आत्यानं उठून ढिगावरची ताडपत्री फरकन ओढून काढली.

"काटा उतरव. कठडा चढव गाडीवर. आणि तू रे," ती माझ्याकडे वळली, "वेल्डरला हाक मार."

"आणि शिंप्यानं विचारलं, कुठं होता म्हणून?" हातगाडीवाला घाबरला.

"विचारू दे. आपण दोघं मिळून सांगू."

संध्याकाळी शिंप्याची आई जिना उतरून तरातरा आमच्याकडे आली. आत्या माफी मागायला उठली, पण म्हातारी आधीच काट्यावर चढली होती. सुई भलतीच पुढे गेली.

आत्याला पलीकडच्या भंगारवाल्यासारखी चौकशीची नवीन सवय लागली होती.

"आजी, एवढं कुठून आणलंत?"

"माहेराहून," म्हातारी म्हणाली. "हवा तर फोटोही काढून घे."