पुन्हा विचारायचं नाही

तातडीच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे ‘पट्टीबाई’ म्हणायचे, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. राग तर सोडाच, उलट मनातून गुदगुल्याच व्हायच्या. जमिनीवरच्या त्या पिवळ्या पट्ट्या म्हणजे त्यांची कमाई होती ना! कारखान्यातली शिस्त दवाखान्यात आणायची, जे जे वाया जातं ते हुडकून काढून टाकायचं, असं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि कंबर कसून मागेच लागल्या. ऑक्सिजनचं सिलिंडर या चौकोनात म्हणजे याच चौकोनात. सलाइनसाठी सिस्टरनं स्टोअरपर्यंत पळायचं नाही, सलाइन खाटेशीच ठेवायचं. किरकोळ दुखण्यांची रांग वेगळी, गंभीर पेशंटची वाट वेगळी. पूर्वी माणसं ताटकळून हातघाईवर यायची, ते सगळं थांबलं. खोटं कशाला बोला, त्या पट्ट्यांनी जीव वाचवले होते.

मग बाईंची नजर प्रश्नांवर गेली. दारातली सिस्टर विचारणार काय होतंय, आणि आत डॉक्टर पुन्हा तेच विचारणार. एकच काम दोनदा! बाईंनी फर्मान काढलं: दारात सांगितलेलं संगणकावर येतं, ते वाचा. किरकोळ रांगेत पुन्हा विचारायचं नाही. आता गंमत बघा, शिकाऊ असताना त्या स्वतः हटकून दुसऱ्यांदा विचारायच्या. माणूस दारात उभ्या उभ्या एक सांगतो आणि आत जरा टेकला, धीर आला, की भलतंच सांगतो, हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? पण एकदा सुधारणेचं वारं अंगात शिरलं की माणसाला स्वतःचंच शहाणपण आठवत नाही.

घरी या सगळ्याचं कौतुक आप्पांना, म्हणजे वडिलांना. त्यांचा जन्म पोस्टात पत्रं निवडण्यात गेलेला. लेक जेवताना रांगांचं सांगायला लागली की त्यांचा घास हातातच राहायचा. “म्हणजे आमचंच की गं! ज्याचं पत्र त्याच्या खणात!”

एका संध्याकाळी बाई घरी आल्या तर आप्पा भलतेच खुशीत.

“आज तुझा दवाखाना बघून आलो.”

“अहो आप्पा! मला सांगायचं नाही का?”

“तुला कशाला? खांदा भरून आला होता, बाजारातून पिशवी आणली ना. दारातल्या पोरीला तेवढं सांगितलं, तिनं धाडलं छोट्या रांगेत. बूड टेकतोय तोवर मलम आणि गोळ्या हातात! तुझं नाव नाही घेतलं हं. वशिल्यानं गेलो असतो तर कळलं असतं का, कसं चालतं ते?”

“आता बरं वाटतंय ना?”

“एकदम.”

बाईंचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांची डॉक्टर, समोर म्हातारा बाप खांदा चोळत बसलेला, आणि हिला दिसली काय तर आपली रांग! पुढे काही न विचारता त्या हातपाय धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आप्पा त्याच दारातून स्ट्रेचरवर आले. हृदयविकाराचा झटका. कुणाला हाक मारावी लागली नाही, काही शोधावं लागलं नाही. इंजेक्शन हाताशी, शॉक द्यायचं मशीन हाताशी, प्रत्येक माणूस आपल्या जागी. एक पाऊलही वाया गेलं नाही. आणि आप्पा गेले.

बाहेर बाकावर आई बसली होती. बाई तिच्या शेजारी बसल्या, तशी आईनं त्यांचा हात घट्ट धरला.

“काल इथं यायला निघाले तेव्हाच शर्ट घामानं ओला झाला होता गं. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाले. मी म्हटलं, तिथं नीट सांगा. परत आल्यावर विचारलं, सांगितलंत का? तर म्हणे, दारातली पोर घाईत होती, मागे माणसं खोळंबलेली. खांद्याचं तेवढं सांगितलं. म्हटलं, बाकीचं आत डॉक्टर विचारतील तेव्हा सावकाश सांगू.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग काय! गोळ्याच ठेवल्या हातावर. म्हणाले, जाणकार माणसं आहेत, विचारलं नाही म्हणजे काही नसेलच. लेकीची रांग आपणच कशाला अडवायची? मलाही म्हणाले, तिला सांगून उगाच काळजीत टाकू नकोस.”

मग आईनं अगदी साधेपणानं विचारलं, “का गं, तुमच्याकडे आत विचारत नाहीत?”

काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. आईला काय कळणार होतं? पण बाईंना ते जमलं नाही.

“विचारायचे, आई,” त्या म्हणाल्या. “मीच बंद केलं.”

आईनं हात सोडला नाही.